घरचा गाभा

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत मगदूमांची फाउंड्री होती. बिडाचे ब्रेक-ड्रम ओतणं हे तिचं मुख्य काम. जड ट्रक आणि घाटात चालणाऱ्या बसगाड्यांच्या चाकांत बसणारे ते जाड ड्रम पुण्याच्या एका गाड्यांच्या कंपनीकडे जात. वडील, जिनाप्पा मगदूम ऊर्फ आप्पा, गेल्यावर कारखाना दोघा भावंडांनी वाटून सांभाळला. भूपाल थोरला, भट्टी, साचे, वाळू त्याच्याकडे. त्रिशला धाकटी, खरेदी, ग्राहक आणि ऑफिस तिच्याकडे. दोघांचं पटत होतं, कारण कुणी कुणाच्या कामात फारसं डोकावत नसे. गाभ्याचा प्रश्न निघाला तेव्हा मात्र दोघांनाही डोकावणं भाग पडलं.

गाभा म्हणजे कारखान्याचं सॉफ्टवेअर. फार पूर्वी असलं सॉफ्टवेअर नुसतं टिपून ठेवायचं: माल किती आला, किती गेला, कुणाची ऑर्डर कुठवर आली. मग ते शिकायला लागलं. भट्टीचं तापमान, वाळूतला ओलावा, भंगाराचा प्रकार, त्या दिवशी साच्यांवर कोण होतं, गिऱ्हाइकानं पुढे काय तक्रार केली, या सगळ्यांतला संबंध ते स्वतःच शोधायचं आणि ओतायच्या आधी सांगायचं की आज या ड्रमच्या कडेला पोकळी राहील, वाळू थोडी सुकवा. आप्पांनी ते हौसेनं बसवलं होतं. नमुने ठेवायच्या खोलीशेजारी एक थंड खोली केली होती, त्यात माणसाच्या उंचीचं करडं कपाट उभं होतं. त्या कपाटाबाहेर त्यातलं काहीच जात नसे. आप्पांनी शेवटची कितीतरी वर्षं त्याच्याशी वाद घातला होता, त्याचे सल्ले खोडले होते, कारणं सांगितली होती, आणि ते शिकत गेलं होतं.

आता ते कपाट म्हातारं झालं होतं. बनवणाऱ्या कंपनीनं कळवलं की वर्षअखेरीनंतर त्याचे सुटे भाग मिळणार नाहीत. नवं कपाट घ्यायचं, की वसाहतीतल्या इतरांसारखं 'समष्टी'कडे जायचं, हे ठरवायला हवं होतं.

समष्टी ही भाड्यानं मिळणारी सेवा होती. तिचा गाभा दूर कुठंतरी मोठ्या इमारतीत होता आणि देशभरातल्या शेकडो फाउंड्र्या त्याला जोडलेल्या होत्या. खोली नको, कपाट नको, देखभालीला माणूस नको. महिन्याचं भाडं भरायचं आणि काम करायचं. त्रिशलाला ते पटत होतं. तिनं समष्टीच्या कोल्हापूर कार्यालयात फोन केला, आणि माहिती द्यायला आला तो इक्बाल मुजावर. तो कॉलेजात तिच्याच वर्गात होता. धातूशास्त्र शिकून तोही आधी फाउंड्रीत गेला होता, मग इकडे आला.

चहा घेता घेता इक्बालनं सगळं समजावलं. भूपाल ऐकत होता, पण हात खुर्चीच्या पाठीवर ठेवून, उभ्यानंच.

"तुमचा गाभा फक्त तुमचं बघतो, दादा," इक्बाल म्हणाला. "तुमच्या भट्टीत जे कधी घडलंच नाही, ते त्याला ठाऊक असणार नाही. समष्टीला सगळ्यांचं ठाऊक असतं. बेळगावात एखादी चूक झाली की दुसऱ्या दिवशी राजकोटला ती टळते."

"आणि आमचं काय काय जातं तिकडं?"

"सगळं. म्हणजे नाव-गाव वगळून. तुमचं ड्रॉइंग दुसऱ्या कुणाला दिसणार नाही. पण तुमच्या अनुभवातून ते शिकणार, आणि ते शिकलेलं सगळ्यांच्या उपयोगी पडणार."

"समजा तीन वर्षांनी सोडावंसं वाटलं," त्रिशलानं विचारलं, "तर?"

इक्बालनं कप खाली ठेवला. "तुमच्या नोंदी जशाच्या तशा परत मिळतील. पण तुमच्याकडून ते जे शिकलं, ते वेगळं काढता येत नाही. पाण्यात रंग टाकल्यासारखं आहे. कुणी किती टाकला ते नंतर सांगता येत नाही, आणि काढून तर घेताच येत नाही."

"म्हणजे आप्पांचं सगळं तिकडं राहणार, आणि आम्ही कोरे होऊन परत येणार," भूपाल म्हणाला.

"तसं म्हणता येईल," इक्बाल म्हणाला. त्यानं ते नाकारलं नाही, याचं त्रिशलाला बरं वाटलं.

इक्बाल गेल्यावर भावंडांत बोलणं झालं. भांडण असं नाही. त्रिशलाचं म्हणणं होतं, की नव्या कपाटाच्या खर्चात समष्टीची बरीच वर्षं निघतील, शिवाय गेल्या पुराच्या वेळी कपाट उचलून वरच्या मजल्यावर न्यायला चार माणसं लागली होती. भूपालचं म्हणणं एवढंच होतं, की पुण्याच्या कंपनीनं ड्रमची मिश्रणं आपल्यावर विश्वासून दिलीत, आणि भट्टीची अक्कल घराबाहेर ठेवून मला काम करता येणार नाही.

"कुठल्यातरी दिवशी तिकडची लाइन बंद पडली," तो म्हणाला, "आणि भट्टीत लोखंड तयार आहे. मग मी कुणाला विचारू?"

भट्टीसमोर तो उभा राहत होता, ती नव्हे. त्रिशलानं ऐकलं. नवं कपाट आलं. जुन्यातलं सारं त्यात उतरवलं गेलं. वसाहतीतले बहुतेक कारखाने त्याच वर्षी समष्टीत गेले. घरचा गाभा ठेवणारे मोजकेच उरले: मगदूम, दत्ताजीराव चव्हाणांची पंपांची फाउंड्री, आणि आणखी काही लहान कारखाने.

पुढचं वर्ष-दीड वर्ष चांगलं गेलं. गाभा नेहमीसारखा बरोबर सांगत होता. नाकारला जाणारा माल आणखी कमी झाला. पुण्याच्या कंपनीनं ऑर्डर वाढवली. भूपाल एकदा सहज म्हणाला, "बघ, काही अडलं का?" त्रिशला हसली. खरंच काही अडलं नव्हतं.

भंगारही त्या काळात स्वस्त आणि भरपूर मिळत होतं. पेट्रोलच्या जुन्या गाड्या सरकारनं रस्त्यावरून काढायला लावल्या होत्या. त्या गाड्यांचे चेपून केलेले गठ्ठे किनाऱ्याकडच्या एका यार्डातून येत. स्वच्छ, कोरडं, एकसारखं भंगार. त्रिशलानंच ते यार्ड शोधलं होतं.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत इक्बाल आला. फोन न करता आला होता आणि ऑफिसात न बसता म्हणाला, "जरा बाहेर येतेस?" दोघं वजनकाट्याच्या पलीकडे, करंजाच्या सावलीत उभे राहिले.

"भंगार कुठनं घेतेस सध्या?"

त्रिशलानं यार्डाचं नाव सांगितलं. त्याचा चेहरा उतरला.

"ते घेऊ नको," तो म्हणाला. "आणि ज्याचे ड्रम झालेत, त्यातला एक कापून बघ. चाकाला बोल्टांनी बसतो ना, तो जाड भाग. तिथंच कापायचा."

"का? काय झालंय?"

"समष्टीनं इशारा दिलाय. ते यार्ड वापरणाऱ्या सगळ्या सभासदांना. कुणाच्या कारखान्यात एक जाड कास्टिंग फुटलं, दुसऱ्याचं मशीनवर तडकलं, तिसऱ्याकडं तक्रार आली. एकेकट्याला काही उमगलं नसतं. सगळ्यांचं एकत्र बघितल्यावर गाभ्यानं यार्ड ओळखलं."

"मग आम्हाला कुणी कळवलं नाही ते?"

"तुम्ही सभासद नाही," तो म्हणाला. "मी वरती विचारलं होतं. म्हणाले, इशारा हाच आपला माल आहे. तो फुकट वाटला, तर आपल्याकडं येणार कोण? आणि करारात तसंच आहे. एकाच्या अनुभवातून निघालेली गोष्ट बाहेरच्याला सांगायची नाही. तो करार वाईट नाही, त्रिशला. लोक त्याच भरवशावर आपलं सगळं देतात. पण तुमचे ड्रम बसना लागतात, हे मला माहीत आहे."

तो गेला. त्रिशला थंड खोलीत गेली आणि तिनं गाभ्याला विचारलं. या यार्डाच्या भंगारातून ओतलेल्या ड्रममध्ये काही धोका?

गाभ्यानं उत्तर दिलं: धोका नगण्य. तपासणीचे सगळे निकाल मर्यादेत.

तो खोटं सांगत नव्हता. त्यानं जे पाहिलं होतं, त्यावरून तसंच दिसत होतं. त्रिशला त्या करड्या कपाटासमोर उभी राहिली आणि तिच्या मनात आलं, की याच्यावर आपण कधी शंकाच घेतली नाही, कारण हा कधी चुकला नाही. आणि कधी चुकला नाही, कारण अजून तसा प्रसंगच आला नव्हता.

भूपालला तिनं सरळ सांगितलं. कुणाकडून कळलं, तेही सांगितलं.

"त्याला ग्राहक पाहिजे असतील," तो म्हणाला. "घाबरवायचं आणि समष्टीत ओढायचं."

"इक्बाल तसा नाही. तो नोकरी धोक्यात घालून आला होता."

"गाभा काय म्हणतोय?"

"धोका नाही म्हणतोय."

"झालं तर."

"दादा, एक ड्रम कापायचा आहे. एकच."

भूपालनं तिच्याकडे पाहिलं. मग तो गोदामात गेला, त्या भंगाराच्या मालातला एक ड्रम त्यानं स्वतः निवडला, आणि करवतीच्या मशीनवर स्वतःच बसवला. जाड भागाचा तुकडा निघाला. तो घेऊन दोघं प्रयोगशाळेत गेले. तिथल्या सुमन कांबळेंनी तुकडा घासून चकचकीत केला, आम्लाचा हलका हात फिरवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला.

बीड म्हणजे लोखंड, पण त्यात कार्बन बराच असतो आणि थंड होताना तो ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपानं वेगळा होतो. ते पापुद्रे बोथट, गुळगुळीत असले की बीड ताकदवान राहतं, आणि ब्रेकचा तापही सोसतं. पण त्यात शिसं मिसळलं, अगदी लाखात चार-पाच भागही, तर पापुद्र्यांना काटे फुटतात. प्रत्येक काटा म्हणजे एका चिरेची सुरुवात. आणि हे घडतं ते जाड, सावकाश थंड होणाऱ्या भागात. रोजच्या तपासणीची नाण्याएवढी चकती झटकन थंड व्हायची, म्हणून तिच्यात ते कधी दिसलंच नव्हतं. कारखान्यातलं धातू तपासायचं यंत्र इतकं कमी शिसं मोजत नव्हतं, कारण आजवर मोजायची गरज पडली नव्हती.

"सर, तुम्ही बघा," सुमनताई म्हणाल्या आणि बाजूला झाल्या.

भूपालनं डोळा लावला. बराच वेळ त्यानं तो काढला नाही.

"शिसं आलं कुठनं?" त्रिशलानं विचारलं.

"टाक्या," तो डोळा न काढता म्हणाला. "जुन्या गाड्यांच्या पेट्रोलच्या टाक्या. गंजू नयेत म्हणून पत्र्याला शिशाचा आणि कथलाचा मुलामा असायचा. गठ्ठ्यात चेपून आल्यावर कुणाला दिसणार?"

मग तो सरळ झाला आणि म्हणाला, "किती माल गेलाय आपला?"

बराच गेला होता. गेल्या तिमाहीतले ड्रम पुण्याला पोचले होते, काही गाड्यांनाही लागले असणार. कळवायचं, यात दोघांत दुमत नव्हतं. कळवायचं कसं, याचा घोर त्रिशलाला होता. पुण्याची कंपनी स्वतः समष्टीची ग्राहक होती. तुम्हाला हे कसं समजलं, असं ती पहिल्यांदा विचारणार. आम्ही नेहमीप्रमाणे एक ड्रम कापून बघितला, असं सांगता आलं असतं. त्यात इक्बाल वाचला असता. पण वसाहतीत आणखी लोक तेच भंगार घेत होते, आणि त्यातले घरचा गाभा ठेवणारे अजून अंधारात होते. चव्हाणांचे पंप शेतात बसायचे, पण त्यांच्या शेजारचा शेडबाळे ट्रेलरचे हूक ओतायचा. त्यांना नुसतं 'आमचा एक ड्रम खराब निघाला' म्हणून भागलं नसतं. समष्टीनं अनेक ठिकाणचं पाहून यार्ड ओळखलंय, हे सांगितलं तरच ते भट्टी थांबवणार.

तिनं इक्बालला फोन केला आणि अडचण सांगितली.

"तू मला विचारू नकोस," तो म्हणाला.

"तुलाच विचारायला पाहिजे. नोकरी तुझी आहे."

फोनवर मागे कुणीतरी भांडी लावत होतं.

"नाव घे," तो म्हणाला. "आडून सांगितलंस तर ते विश्वास ठेवणार नाहीत. मीही ठेवला नसता."

त्या संध्याकाळी त्रिशलानं पुण्याला कळवलं आणि भूपाल वसाहतीत गेला. तो एकेका कारखान्यात जाऊन तुकड्याचा फोटो दाखवत होता. शेडबाळेनं लगेच भट्टी थांबवली. दत्ताजीराव चव्हाणांनी फोटो पाहिला आणि विचारलं, "हे तुम्ही मला का सांगताय?" आप्पांच्या काळापासून चव्हाण आणि मगदूम या दोन्ही घरांत सरळ बोलणं नव्हतं. एकेकाळी एकाच मोठ्या ग्राहकामागे ते आणि आप्पा दोघंही धावले होते. भूपाल म्हणाला, "तुम्ही पण तिथलंच भंगार घेता म्हणून." चव्हाणांनी मान हलवली आणि आत जाऊन माल बाजूला काढायला सांगितलं.

पुण्याच्या कंपनीनं बसगाड्या कार्यशाळांत बोलावून घेतल्या. बहुतेक ड्रम धड होते. काहींना मात्र बोल्टांच्या भोकांजवळ केसाएवढ्या चिरा पडलेल्या आढळल्या. त्यांतली एक बस रोज घाट उतरणारी होती. कुणाला काही झालं नव्हतं. कंपनीचा हा अहवाल वाचून त्रिशला ऑफिसातली खिडकी उघडून बराच वेळ नुसती बसून राहिली.

कंपनीनं त्यांचे आभार मानले आणि काही महिन्यांसाठी ऑर्डरही थांबवली. दोन्ही गोष्टी एकाच पत्रात होत्या. भूपाल म्हणाला, "त्यांच्या जागी मी असतो तर असंच केलं असतं." कामगारांना कमी पाळ्यांवर आणावं लागलं, पण कुणाला काढावं लागलं नाही.

इक्बालला मात्र काढलं. करार मोडला, हे त्यानं स्वतःच मान्य केलं होतं.

त्रिशला त्याच्या घरी गेली. कसबा बावड्याला त्याचं छोटं घर होतं. त्याची बायको रेहाना शाळेत शिकवायची, ती नुकतीच घरी आली होती. तिनं त्रिशलाला बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि ती आत निघून गेली. ती रागावली आहे का, हे त्रिशलाला कळेना.

"ती माझ्यावर रागावलीय, तुझ्यावर नाही," इक्बाल म्हणाला. "विचारलं नाही म्हणून. विचारलं असतं तर हो म्हणाली असती, असं तिचं म्हणणं."

"आमच्याकडं ये," त्रिशला म्हणाली. "दादानंही सांगितलंय. गुणवत्ता विभाग तू सांभाळ."

"उपकार फेडायला नोकरी देऊ नकोस."

"उपकार म्हणून नाही. माणूस पाहिजे."

तो हसला. मग म्हणाला, "त्रिशला, चूक कुणाची ते सांग. समष्टीची? ती नसती तर यार्ड कुणालाच सापडलं नसतं. तुमच्या गाभ्याची? तो तुमचाच राहिला, कुणाच्या हाती गेला नाही, हे काही वाईट झालं नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, आणि मधल्या फटीतून ती बस घाट उतरत होती. ती फट बुजवायचं काम असेल तर मला दे."

"बुजवायची कशी?"

"दूध संघासारखी."

त्यानं सांगितलं ते असं. गावात प्रत्येकाची म्हैस आपापल्या गोठ्यात असते. चारा कोण काय घालतो, कुणी विचारत नाही. संघाकडे जातं ते फक्त दूध. तसंच गाभ्यांचं करता येतं. प्रत्येकाचा गाभा आपल्याच कारखान्यात राहील, तिथंच शिकेल. शिकताना त्याच्या आत जे आकडे बदलतात, तेवढा बदल फक्त बाहेर जाईल. तोही उघडा नाही. प्रत्येक गाभा आपल्या आकड्यांत दुसऱ्या गाभ्याशी संगनमत करून खोटी भर घालतो. एकानं जेवढं वाढवलं, तेवढंच दुसऱ्यानं घटवलेलं असतं. एकेकाचे आकडे पाहिले तर निरर्थक. सगळ्यांची बेरीज केली की खोटी भर आपोआप कटते आणि सगळ्यांनी मिळून जे शिकलं, तेवढंच उरतं. ती बेरीज प्रत्येकाच्या घरी परत जाते. कुणाचं काय होतं, हे बेरीज करणाऱ्यालाही कळत नाही.

"हे गणित जुनंच आहे," इक्बाल म्हणाला. "समष्टीला ते नको होतं, कारण त्यात मालक कुणीच नसतो."

"आणि आपल्या वसाहतीत ते चालेल?"

"गणित चालेल. माणसांचं तू बघ."

माणसांचं बघायला पावसाळा संपेपर्यंतचा काळ गेला. त्रिशला कारखान्यांतून हिंडली. घरचा गाभा असलेले तयार होते, समष्टीतले काहीजणही दोन्ही ठेवू म्हणाले. शिशाची गोष्ट आता सगळ्यांना माहीत होती. फाउंड्रीवाल्यांच्या संघटनेच्या हॉलमध्ये बैठक ठरली, आणि सगळे आले. दत्ताजीराव चव्हाणही आले आणि मागच्या रांगेत बसले.

इक्बालनं फळ्यावर दूध संघाचं उदाहरण देऊन सगळं समजावलं. माना डोलल्या. मग शेडबाळेनं विचारलं, "आमच्या गाभ्यातलं काय शिकायला द्यायचं, ते आम्ही ठरवणार ना?"

"हो. ते कुलूप तुमच्याकडंच."

"मग नाकारलेल्या मालाचं नको. तेवढं बाहेर ठेवू." आजूबाजूला लगेच दुजोरा मिळाला. कुणी म्हणालं, ग्राहकाला वास लागला तर? कुणी म्हणालं, कर्ज देणाऱ्या बँकेला कळलं तर?

"कळणार नाही, ते मी दाखवलं," इक्बाल म्हणाला. "आणि चांगल्या कास्टिंगमधनं यंत्र काही शिकत नाही. ते शिकतं ते फुटलेल्यातनं. तेच ठेवून घेतलंत तर बेरीज करायला काही राहत नाही."

काहीजण घड्याळाकडे बघू लागले. हा नकारच आहे, हे त्रिशलानं ओळखलं. इतके महिने हिंडून सगळं इथवर आणलं आणि आता हे लोक चहा पिऊन, चांगलं आहे, बघू या, म्हणून उठणार. ती बोलायला उभी राहणार होती, एवढ्यात शेजारून भूपाल उठला. तो काही बोलणार आहे, हे त्यानं तिला सांगितलं नव्हतं. बैठकांत तो कधी बोलतही नसे.

"आमचं सगळं घ्या," तो म्हणाला. "शिशाचे ड्रम घ्या. त्याच्या आधीचं पण घ्या. आप्पांच्या वेळेपासनं जे जे मोडीत गेलंय, ते सगळं आमच्या गाभ्यात आहे. मी कुलूप लावणार नाही." त्यानं समोरच्या खुर्चीची पाठ धरली. "मीच म्हणायचो, घरातलं बाहेर जायला नको. त्यात चुकीचं काही नव्हतं. पण बाहेरचं आत यायलाही आम्ही वाट ठेवली नव्हती. माझा गाभा म्हणत होता धोका नाही, आणि मी ड्रम पाठवत होतो."

तो बसला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

मागच्या रांगेतून दत्ताजीराव चव्हाण म्हणाले, "आमच्याकडं एका पंपाच्या बॉडीची कड फुटून सुटायची. दोन वर्षं सुटत होती. आम्ही वाळू बदलली, माणूस बदलला, काही फरक नाही. शेवटी ते मॉडेलच बंद केलं. कारण अजून माहीत नाही मला."

"कड कुठल्या बाजूनं?" पलीकडून कुणीतरी विचारलं.

"खालच्या."

"आमची पण खालचीच. फक्त थंडीत."

"थंडीतच," चव्हाण म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढून बसले.

मग आणखी कुणी बोललं, मग आणखी. ज्या गोष्टी या माणसांनी ग्राहकांपासून, बँकांपासून, एकमेकांपासून लपवल्या होत्या, त्या एकेक करून बाहेर येऊ लागल्या. चहा आला आणि तसाच राहिला. इक्बाल फळ्यापाशी खडू हातात घेऊन उभा होता, त्याला आता काही समजावायचं उरलं नव्हतं. त्रिशलानं भूपालकडे पाहिलं. तो शेडबाळेला हातवारे करून साच्याची हवा कशी काढायची ते सांगत होता.

सगळं जोडून चालू व्हायला पुढचा उन्हाळा उजाडला. पुण्याची ऑर्डर तोवर परत सुरू झाली होती. इक्बाल या गाभ्यांच्या संघाचं काम पाहू लागला; त्याचा पगार समष्टीपेक्षा कमी होता आणि खोली संघटनेच्या हॉलमागची, बिनखिडकीची.

मग एका सकाळी, भट्टी लावायच्या आधी, मगदूमांच्या गाभ्यानं एक इशारा दिला. वाळू बांधणाऱ्या राळेच्या नव्या आलेल्या पिंपांतून साचे करू नका, ड्रमच्या आत वायूच्या पोकळ्या राहतील. भूपालनं आपल्या नोंदी तपासल्या. तसं त्यांच्याकडे कधीच झालं नव्हतं. त्यानं त्रिशलाला बोलावलं.

"हे आपलं नाही," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाचं तरी नुकसान झालंय यात. कुणाचं असंल?"

"कळत नाही. कळू नये असंच ते केलंय."

भूपाल पडद्याकडे पाहत राहिला. बाहेर साच्यांची माणसं त्याची वाट पाहत होती.

"कोण असंल तो असू दे," तो म्हणाला. "बरं केलं त्यानं, झाकून ठेवलं नाही." आणि पिंपं बाजूला काढायला सांगण्यासाठी तो बाहेर गेला.